समुद्राकडच्या सऱ्या

स्थान

जपानच्या नैर्ऋत्य टोकाचं बेट. घेर सव्वीस किलोमीटर. जिल्ह्याचं ठिकाण लांब, तैवान त्याहून जवळ. हवा कोरडी असली तर वर्षातून सात-आठ दिवस पश्चिमेला तैवानचे डोंगर दिसतात. किनाऱ्यावर काही ठिकाणी फोनला परदेशी रेंज येते.

एवढं लिहून होईतो सकाळचे साडेसहा वाजले. बाहेर शेजारच्या इतोकाझु-सानच्या ट्रकचा हॉर्न वाजला, तसा सुचित्राने लॅपटॉप मिटला.

आठवड्यातले दोन दिवस ती ग्रामकार्यालयात अर्धवेळ जायची. बेटावर नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक करायचं काम तिला दिलं होतं. ती आधी मराठीत लिहायची, मग इंग्रजीत करायची. पण मार्च उजाडला होता, ऊस उभा होता, आणि पत्रक म्हणजे सकाळी भाताचा कुकर होईपर्यंत जेवढं होईल तेवढंच.

"बेंतो?" कादंबरी दप्तर पाठीला लावून उभी होती. नऊ वर्षांची. आईशी ती निम्मं जपानीतच बोलायची.

"डबा म्हण. हा घे. गूळपोळी आहे."

"सगळे बघतात."

"बघू देत. त्यांच्याच बेटाचा गूळ आहे तो."

जगदीश ट्रकच्या मागच्या फळीवर आधीच चढून बसला होता. कंबरेला पट्टा आवळलेला. चाळिशीचा माणूस, उसाच्या वाणांवर पीएच.डी.; संशोधन केंद्रातला प्रकल्प संपला तेव्हा त्याने नागोयाला नोकरी शोधण्याऐवजी इथलं पाच एकर रान खंडाने घेतलं होतं. घर रानासोबत मिळालं होतं. पहिली लागण यंदा तोडायची होती. गूळ-कारखान्याची भट्टी चौदा मार्चला दुपारी बारा वाजता विझणार होती. त्याच्या आत सगळा ऊस गेला, तर शेती समिती करार पुढे वाढवणार. नाही गेला, तर रान परत. रान परत म्हणजे घर परत.

आज पाच तारीख होती.

हवामान

उपोष्ण. केवडा, वड, जास्वंद मुबलक. हिवाळ्यात उत्तरेचा वारा आठ-आठ दिवस पडत नाही. मीठ सगळ्याला लागतं : खिडक्यांना, सायकलींना, कपड्यांना.

इथे सावडीला युइ म्हणतात. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या. मजुरी नाही. ज्याचं रान त्याचं जेवण. जानेवारीपासून सुचित्रा आणि जगदीश चार घरांच्या उसात राबले होते, आता त्यांच्या रानात सगळे तीन दिवस येणार होते.

ट्रकमधून या दोघांसकट अकरा माणसं उतरली. सगळ्यांचा वेश एकच. टोपी, टोपीखाली मानेवर सोडलेला कपडा, तोंडावर फडकं, हातांत मोजे. ओळखायचं ते चालीवरून. उसाची पात इथेही तशीच कापत होती, माहेरी वाळव्याला कापायची तशी. हातातल्या लहान कुऱ्हाडीने बुडख्यावर घाव घालायचा, शेंड्याचे वाढे उडवायचे, मग टोकाला खाच असलेल्या कोयत्याने पाचट ओरबाडून कांडं मागे टाकायचं. अर्ध्या तासात पाठ बोलायला लागते.

"हाकासे," इतोकाझु-सान पलीकडच्या सरीतून ओरडले. हाकासे म्हणजे पीएच.डी.वाला; जगदीशला त्यांनी हेच नाव ठेवलं होतं. "ऊस पुस्तकातल्यापेक्षा जड असतो ना?"

"पुस्तकात वारा नसतो," जगदीश म्हणाला.

"बायकोकडून शीक. तिचा घाव बघ कुठे पडतोय."

सगळे हसले. जगदीशही हसला, पण पुढचा घाव त्याने जरा जास्तच जोरात घातला. सुचित्राचं माहेर उसाचंच. तिने लहानपणी कुऱ्हाड धरली नव्हती, पण धरणाऱ्यांना तासन्‌तास पाहिलं होतं.

नऊच्या सुमाराला तिने कंबर सरळ करायला मान वर केली, तेव्हा तो दिसला. अगदी पश्चिमेला, समुद्राकडच्या शेवटच्या सरीत. टोपी, फडकं, सगळ्यांसारखाच. पाठमोरा. संथ, एकसारखे घाव. तिने नकळत माणसं मोजली. बारा.

दुपारी बांधावर जेवायला बसले तेव्हा अकरा. तिकडून घावांचा आवाज येतच होता.

"ते जेवत नाहीत?" तिने विचारलं.

कोणी मान वर केली नाही. ऐंशीच्या पुढच्या उमे-ओबा (म्हाताऱ्या बाईला इथे सगळे ओबा म्हणतात) भातावर लोणचं ठेवत म्हणाल्या, "भात आज छान मोकळा झालाय."

"ओबा, तो माणूस—"

"वारा फिरला की थंडी वाजेल. जेव तू."

सुचित्रा जेवली. पण घास गिळताना तिला आईच्या गोठ्याच्या आढ्याला अडकवलेले दोन कानमोडके कप आठवत राहिले. तोडणीच्या टोळीतली माणसं दुपारी चहाला आली की आई ते कप खाली ठेवायला लावायची आणि वरून धार सोडायची. कपाला किटलीचं तोंड लागू द्यायची नाही. कोणी काही विचारायचं नाही. पोरांनी तर नाहीच. तेव्हाही सगळे असेच दुसरीकडे बघायचे.

संध्याकाळी मोळ्या ट्रकवर चढवताना तिला दिसलं, त्या सरीतल्या मोळ्या दोरीने नव्हत्या बांधल्या. गवताचा पीळ घालून बांधल्या होत्या. घाव इतके खाली, की मातीवर बुडखा दिसत नव्हता. इतोकाझु-सानने काही न बोलता पीळ कापले आणि मोळ्या आपल्या दोरीने पुन्हा बांधल्या.

शेती

मुख्य पीक ऊस. हाताने तोडणी. तोडणीच्या दिवसांत बाहेरगावचे हंगामी कामगार येतात.

"हंगामी असेल कोणीतरी," रात्रीच्या जेवणाला जगदीश म्हणाला. "कॅम्पवर भांडण झालं असेल. आपण नको पडायला त्यात."

"माझ्या रानात एक माणूस उपाशी राबतोय आणि दहा जण त्याच्याकडे पाठ करून जेवतायत."

"सुचित्रा, आपण बाहेरचे आहोत इथे. नऊ दिवस राहिलेत. प्लीज, काही करू नकोस."

"बाहेरचे आहोत म्हणूनच दिसतं आपल्याला."

सहा तारखेला तो पुन्हा होता. आता तिसऱ्या सरीत. दहाच्या चहाला सुचित्राने थर्मास घेतला, चांगला, पाहुण्यांचा चिनीमातीचा कप घेतला, डब्यातून गूळपोळी घेतली आणि पाचट तुडवत ती समुद्राकडे निघाली. मागे बोलणं थांबल्याचं तिला ऐकू आलं.

"सुचित्रा-सान," उमे-ओबांनी हाक मारली. एकदाच. नंतर त्यांनी मारली नाही.

शेताच्या त्या कडेला वारा नव्हता. उत्तरेच्या वाऱ्याला तिथे अडवायला काहीच नव्हतं, तरी पातं हलत नव्हतं. खिशात फोन थरथरला. परदेशी कंपनीचा नेहमीचा संदेश : आमच्या देशात आपले स्वागत आहे. दहा पावलांवर तो तोडत होता. मोजे नव्हते. हात पांढुरके, सुरकुतलेले, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखे. भिजलेल्या दोराचा वास येत होता.

"दोझो," ती म्हणाली. घ्या.

घाव चालूच.

"चहा आहे. घ्या ना."

घाव चालूच. असं परतायची तिला सवय नव्हती. पाहुणा नको म्हणतो, आपण पुन्हा म्हणायचं, हे तिच्या हाडात होतं. ती दोन पावलं पुढे झाली, कप आणि पोळी बांधावर सपाट दगडावर ठेवली.

"एवढं काम करताय. माझ्यासाठी एक घोट तरी."

कुऱ्हाड थांबली.

तो वळला नाही. पण हात खाली आला आणि पातं मातीला टेकलं. सुचित्राला एकदम वाटलं की आता इथे उभं राहू नये. ती वळली आणि न पळता, पण लांब ढांगा टाकत परत आली.

बांधावर दहाही जण उभे होते. इतोकाझु-सान मोजे काढत होते, एकेक बोट सोडवत. अजून अकराही वाजले नव्हते.

"आज इथवर," ते म्हणाले. जगदीशकडे बघून किंचित झुकले. सुचित्राकडे बघितलं नाही.

ती कप आणायला गेली तेव्हा सरीत कोणी नव्हतं. कपात थेंब नव्हता, डाग नव्हता. उन्हात वाळवल्यासारखा कोरडा ठणठणीत. पोळीचा कण नव्हता. मुंगीसुद्धा नव्हती.

वाहतूक

आठवड्यातून दोनदा बोट. वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते.

सात तारखेला कोणी आलं नाही. आठला नाही. जगदीशने फोन लावले. एकाची कंबर धरली होती, एकाच्या घरी पाहुणे होते, एकाने वाऱ्याचं सांगितलं. इतोकाझु-सानने फोन उचलून "हाकासे, माफ कर" एवढंच म्हटलं.

दोघंच तोडत राहिली. सकाळी सहा ते अंधार पडेपर्यंत. दोघांच्या हाताने दिवसाला जेमतेम तीन सऱ्या व्हायच्या. जगदीशच्या तळव्याचे फोड फुटून मोजा आतून चिकटला, संध्याकाळी तो कोमट पाण्यात भिजवून काढावा लागला. दहा तारखेला पावसाची झिमझिम लागली आणि तोडलेला ऊस चिखलात पडून राहिला. मोळ्या ट्रकवर चढवायला दोन माणसं पुरत नाहीत. एक मोळी अर्ध्यावरून सुचित्राच्या खांद्यावर आली, ती गुडघ्यावर बसली आणि तशीच थोडा वेळ बसून राहिली.

रस्त्यावरून जाणारे ट्रक त्यांच्या बांधाशी येऊन वेग वाढवायचे.

"एक कप चहा," जगदीश म्हणाला. रागाने नाही, दमून. "फक्त एक कप चहा द्यायचा नव्हता, सुचित्रा."

सुचित्राने मोळीचा दोर आवळला. आपण दिलं हे चुकलं, की इतके दिवस कोणी दिलं नाही हे, ते तिला कळत नव्हतं. समुद्राकडच्या सऱ्यांत आता कोणी नव्हतं. तिथली तोडणी तिसऱ्या सरीच्या शेवटाशीच थांबली होती.

वस्त्या

तीन. बंदरावरची, मधली, दक्षिणेची. टेकडीवर लष्कराची छावणी आणि रडार. सैनिकांची कुटुंबं मधल्या वस्तीत राहतात. चौथी वस्ती पश्चिमेला होती. तिथे आता कोणी राहत नाही.

शेवटचं वाक्य ठेवावं की काढावं याचा सुचित्रा विचार करत होती, तेव्हा दारात उमे-ओबा दिसल्या. बारा तारीख होती. त्या चालत आल्या होत्या. हातात वाळलेल्या माशाची पुडी.

"हाकासे कुठाय?"

"रानात. मला कसकस आहे, तापाची गोळी घ्यायला आले."

ओबा उंबऱ्यावर बसल्या. "कोणी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो, म्हणून नाही सांगितलं. यात आमचं चुकलं."

"कोण आहे तो?"

"पश्चिमेच्या वस्तीतला. युद्ध संपल्यावर इथून तैवानला बोटी जायच्या, चोरून. कपडे, तांदूळ, औषधं. त्या सालच्या तोडणीत सगळ्यांनी याचा ऊस तोडून दिला. मग परतफेडीची पाळी आली आणि हा म्हणाला, एक फेरी करून येतो. बोट गेली ती गेली." ओबांनी गुडघा चोळला. "मी पाच वर्षांची होते. माझ्या वडिलांनीही त्याचा ऊस तोडला होता."

सुचित्राने गोळीचं पाकीट खाली ठेवलं.

"तेव्हापासून येतो. ज्याचं ज्याचं देणं आहे, त्याच्या रानात. तुमचं रान पूर्वी इतोकाझुच्या बापाचं. आपलं फेडतोय बिचारा. त्याला फेडू द्यायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही, खायला घालायचं नाही. युइत जेवण कोण घालतं?"

"ज्याचं रान तो."

"मग? तू त्याला तीनदा म्हणालीस आणि खायला घातलंस. आता ते त्याचं जुनं फेडणं राहिलं नाही. नवी सावड झाली. तुझ्यावर त्याचा एक दिवस चढला. तू तो फिरवला नाहीस, तर तुझ्या रानात आम्ही कसे येणार? जो युइ मोडतो त्याच्या रानात कोणी येत नाही. आम्ही रागावलो नाही, सुचित्रा-सान. आम्हाला येता येत नाही."

"मला वाटलं तुम्ही त्याला वाळीत टाकलंय."

"टाकलंय की," ओबा म्हणाल्या. "त्याच्या भल्यासाठीच."

संध्याकाळी तिने जगदीशला सांगितलं : पश्चिमेच्या वस्तीतलं त्याचं रान ओबांनी सांगितलंय, तिथे एक दिवस राबून यायचं. त्याने दोन्ही बँडेज बांधलेले हात टेबलावर ठेवले. "माझ्याकडे दीड दिवस आहे. नऊ सऱ्या उभ्या आहेत. आणि तू उद्या एका भुताच्या पडीक रानात जाऊन गवत कापणार?"

"दोघांनी मिळून नऊ होणार आहेत का?"

त्याने बँडेजची गाठ चाचपली.

"नाही ना? मग मला जाऊ दे."

"आणि हे खोटं असलं तर?"

"तर एक दिवस गेला. खरं असलं तर सगळे येतील."

नव्याने येणाऱ्यांसाठी

शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यावी. सामूहिक कामात भाग घ्यावा.

तेरा तारखेला ऊन पडलं. तोडणी सुरू झाल्यापासूनचं पहिलं. सुचित्रा सकाळी सात वाजता पश्चिमेच्या वस्तीत पोचली. वस्ती म्हणजे प्रवाळी दगडांच्या बुटक्या भिंती, आत वड वाढलेले, एका चुलीवर घोड्याची लीद. बेटावरचे मोकळे घोडे थंडीत इथे वाऱ्याला पाठ देऊन उभे राहतात. त्यातला एकही आज नव्हता.

ओबांनी सांगितलेलं रान भिंतींच्या पलीकडे होतं. पुरुषभर गवत, थेट केवड्याच्या बनापर्यंत. तिने कुऱ्हाडीने गवत बाजूला सारलं आणि थांबली.

आत ऊस होता. कोणी लावलेला नाही, कोणी पाणी दिलेला नाही. बारीक, जुन्या वाणाचा, जांभळट सालीचा. पण सरीत. नीट ओळीत उभा.

तिने पहिला घाव घातला.

तासाभराने शेजारच्या सरीतून दुसरा घाव ऐकू आला. तिने तिकडे पाहिलं नाही. तिचा घाव पडला की त्याचा पडायचा. ती थांबली की तो थांबायचा. तिने पाणी प्यायला बाटली काढली तेव्हा इतकी शांतता झाली की तिला स्वतःचा घोट ऐकू आला. बाटली पुढे करावी असं हाताला वाटलं. तिने झाकण घट्ट लावलं.

दुपारी ऊन अंगावर आलं. पश्चिमेला समुद्रापार तैवानचे डोंगर उगवल्यासारखे दिसत होते, निळे, जवळ, कड्यांवरच्या घळी मोजता याव्यात असे. शेजारचे घाव थांबले. बराच वेळ थांबले. तिला कळलं की तोही तिकडे बघतोय. तिने खाली मान घालून काम चालू ठेवलं.

सऱ्या आखूड होत्या; चारच्या सुमाराला तिच्या तीन झाल्या. त्याने तिच्या रानात केल्या होत्या तेवढ्याच. तिने मोळ्या बांधल्या. निघायला ती वळली आणि पुन्हा फिरली. आई धान्य मोजून द्यायची तेव्हा माप भरलं की वर एक मूठ टाकायची. बरोबर मोजून दिलेलं तुसडं दिसतं. आणि हा माणूस पंचाहत्तरएक वर्षं उपाशी फेडत होता. तिने चौथी सरी घेतली. दिवे लागायच्या आत ती संपवली.

चौदाला सकाळी सहा वाजता तीन ट्रक आले. कोणी काही विचारलं नाही. इतोकाझु-सान उतरले, कुऱ्हाडीची धार अंगठ्याने बघितली आणि म्हणाले, "हाकासे, झोपलाय काय? बारापर्यंत वेळ आहे." दहा माणसं सऱ्यांवर तुटून पडली. जगदीश रडत होता की घाम होता हे फडक्यामुळे कळत नव्हतं. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी शेवटचा ट्रक कारखान्याच्या फाटकातून आत गेला. बाराला भोंगा झाला. समितीचा माणूस फाटकापाशीच होता. त्याने जगदीशशी हात मिळवला आणि सोमवारी कागद घेऊन यायला सांगितलं.

रिकाम्या रानात जेवण झालं. सुचित्राने सगळ्यांना वाढलं, नको-नको म्हणत असताना वाढलं. उमे-ओबांनी तिला शेजारी बसवून घेतलं.

"आता तू इथली," त्या म्हणाल्या. "किती सऱ्या केल्यास त्याच्या?"

"चार," सुचित्रा म्हणाली. "तीनच होत्या. एक वर घातली."

ओबांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या.

"वर कशाला घातलीस?"

"असंच. आमच्याकडे—"

"एक त्याच्याकडे निघाली मग," ओबा हळू म्हणाल्या. "तो ठेवून घेणारा नाही आता. एकदा ठेवून घेतलं होतं, त्याचं काय झालं ते बघितलं त्याने. फेडायला येईल."

"पण रान तर संपलं. काही उभं नाही."

"रानात नसलं तर घरी येईल. काहीतरी काम शोधेल, करेल आणि जाईल. तेवढं करू द्यायचं. फक्त या वेळी काही देऊ नकोस. दिलंस की पुन्हा तुझ्यावर. मग याला शेवट नाही."

जगदीश सामान आवरायला थांबला. सुचित्रा एकटीच घराकडे आली. वाटेत तिने ठरवलं, की परसातलं जास्वंदीचं कुंपण वाढलंय ते तसंच ठेवायचं आणि विळा बाहेर ठेवायचा. एका सरीएवढंच काम होतं ते.

कादंबरी शाळेतून येऊन पायरीवर बसली होती. चपला नीट लावून.

"ऐक," सुचित्रा तिच्यासमोर उकिडवी बसली. "उद्या-परवा आपल्या कुंपणाशी कोणी काम करताना दिसलं, तर बोलायचं नाही. खाऊ विचारायचा नाही."

"का?"

"नाही विचारायचा. बस." आपला आवाज आईसारखा येतोय हे तिला ऐकू आलं. "कोणी कितीही दमलेलं दिसलं तरी."

"पाणी?"

"पाणीसुद्धा नाही."

कादंबरीने तिच्याकडे पाहिलं, मग घराच्या मागच्या बाजूकडे. तिकडे कात्री चालावी तसा कसलातरी एकसारखा आवाज येत होता.

"पण आई," ती म्हणाली, "मघाशीच दिलं मी त्यांना. आधी नको म्हणत होते. तीनदा म्हटलं, मग घेतलं."